कालबाह्य – वापरू नये

महिपतीनं शिक्का करून घेतला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. लाल पेन घरात होतं, पट्टी होती. रेघ मारायची आणि मोकळं व्हायचं, एवढंच साहेबांनी सांगितलं होतं. पण कुठलंही काम साधेपणानं करणं महिपतीच्या स्वभावात नव्हतं. (ह्याच स्वभावापायी त्यानं एकदा कागदावर नकाशा काढून कोंबड्यांच्या खुराड्याला नवं दार बसवलं होतं. दार झकास झालं. फक्त कडी आतल्या बाजूला आली.)

महिपती राहायला निरवांगीत आणि नोकरीला साखर कारखान्यात, कॉम्प्युटर विभागात लिपिक. त्याच्या आजोबापर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी, म्हणजे गेणबानं, ती विकून ऊस लावला आणि पोराला बी.कॉम. केलं. पोरगं आता थंडगार खोलीत, चपला दाराबाहेर काढून कामाला बसत होतं. चपला बाहेर काढाव्या लागतात हे ऐकून गेणबाला बरेच दिवस वाटत होतं, की त्याला कारखान्याच्या देवळात ठेवलंय.

सत्त्याण्णव सालचा सप्टेंबर होता. कारखान्याची ऊसनोंद आणि तोडणीचा कार्यक्रम कॉम्प्युटरवर येऊन दोन वर्षं झाली होती. प्रत्येक कामाला एक कोड. टीडी चौदा टाकला, की तोडणीची यादी निघायची. एनडी सहा टाकला, की नोंद दुरुस्त व्हायची. हे सगळे कोड एका मॅन्युअलमध्ये होते. दोन्ही कडांना भोकं असलेल्या कागदावर छापलेली तीनशे चाळीस पानं, आणि साऱ्या कारखान्यात प्रत एकच. उन्हाळ्यात पुण्याच्या कंपनीनं प्रोग्राममध्ये बदल केले, त्यात बरेच कोड बाद झाले. पण मॅन्युअलमध्ये ते पूर्वीसारखेच दिमाखात बसले होते. ऑगस्टमध्ये चाचणीच्या वेळी एका ऑपरेटरनं मॅन्युअल बघून असाच एक जुना कोड टाकला आणि एका अख्ख्या गटाची नोंद पडद्यावरून गायब झाली. चारशे शेतकऱ्यांचा ऊस डोक्याएवढा उभा, आणि कॉम्प्युटरच्या लेखी ते रान मोकळं. ती नोंद पुन्हा हातानं भरायला तीन आठवडे लागले.

विभागाचे प्रमुख विजयसिंह साहेबांनी महिपतीला बोलावून एक यादी हातात दिली.

"हे बाद झालेले कोड. मॅन्युअलमध्ये जिथं जिथं हे असतील तिथं लाल रेघ मारा. गळीत सुरू व्हायच्या आत. आणि प्रत एकच हाय, ध्यानात ठेवा."

महिपतीनं मान डोलावली आणि रविवारच्या आधीच बारामती गाठून रबरी शिक्के करणाऱ्याच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"काय लिहायचं?" दुकानदारानं विचारलं.

महिपतीनं विचार केला. 'बाद' म्हटलं तर क्रिकेटचं वाटतं. 'रद्द' म्हटलं तर एस.टी.ची गाडी. तो छाती काढून म्हणाला, "कालबाह्य."

दुकानदारानं त्याच्याकडं वर-खाली पाहिलं. "छान हाय. खाली मराठीतपण लिहू का काही?"

म्हणून खाली 'वापरू नये' आलं. बोटभर लांब, ठळक अक्षरं, भोवती चौकट, आणि सोबत लाल शाईचं पॅड. शिक्का हातात घेतला तेव्हा महिपतीला आपण लिपिकाच्या वर कुठंतरी गेल्यासारखं वाटलं.

ऑफिसात शेतकऱ्यांची ये-जा फार, म्हणून साहेबांची परवानगी काढून त्यानं मॅन्युअल घरी आणलं. रविवारी सकाळी पडवीत चटई टाकून बसला. एका हातात यादी, दुसऱ्या हातानं पान उलटायचं, बोटानं ओळ धरायची, आणि मग शिक्का उचलायला तिसरा हात पाहिजे. दहा पानांतच तो घामाघूम झाला. गेणबा खांबाला टेकून हे पाहत होता. त्याची नजर शिक्क्यावरून हलत नव्हती.

गेणबाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कागदाचा धाक त्याला फार. निम्मी उमर इंदापूरला हेलपाटे घालण्यात गेली होती. कुठल्याही खिडकीशी गेलं, की आतला माणूस कागद उलटा-सुलटा करून विचारायचा, "शिक्का कुठाय?" एकदा वाटणीच्या कागदावर शिक्का पुसट उमटला, तर त्याला पाच महिने फिरावं लागलं होतं. तेव्हापासून त्याचं मत पक्कं होतं. नुसता कागद म्हणजे पाचट. शिक्का बसला, की त्याचा ऊस होतो.

"ह्यो कुनाचा रं शिक्का?" त्यानं हळूच विचारलं.

"साहेबाचा," महिपती म्हणाला. (हे खोटं होतं. पण 'मीच बारामतीतनं करून आनला' ह्यात काय मजा?)

"साहेबाचा? आन् तुज्या हातात दिला?"

"मग? इश्वास हाय माझ्यावर."

गेणबा उठला, रांजणापाशी जाऊन हात धुऊन आला, धोतराला पुसले आणि पोराच्या शेजारी मांडी घालून बसला. "तू वाच. मी हानतो."

आणि काय सांगावं, म्हाताऱ्याचा हात बसला. महिपती बोट ठेवून म्हणायचा, "हितं, आबा." की गेणबा शिक्का पॅडवर दोनदा टेकवायचा, श्वास रोखायचा आणि असा दाबायचा, की अक्षर न् अक्षर सुबक उठायचं. एकही तिरका नाही, एकही फिका नाही. दुपारपर्यंत एकशे बारा पानं झाली.

"काय लिवलंय त्याच्यावर?" मधेच एकदा त्यानं विचारलं.

महिपती यादीत गुंतला होता. "हाफिसातलं हाय आबा. तुमाला न्हाय कळायचं."

गेणबानं मान हलवली आणि पुढचा शिक्का मारला.

आत चुलीपाशी महिपतीची बायको म्हाळसा भाकरी थापत पाठांतर करत होती. "बीसीजी, ट्रिपल, पोलिओ, गोवर…" मंगळवारी तिची इंदापूरला मुलाखत होती. वस्तीवर नवी अंगणवाडी निघायची होती आणि तिथल्या सेविकेच्या जागेसाठी तिनं अर्ज केला होता. सोबत अस्सल कागद दाखवायला न्यायचे होते. त्यात सगळ्यात मोलाचं तिचं दहावीचं प्रमाणपत्र. लग्न नववीत असताना झालं, त्यानंतर आठ वर्षांनी तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली होती. दोनदा गणितात आडवी झाली. तिसऱ्या खेपेला पास झाली. तिन्ही खेपांना गेणबाच तिला सायकलवर मागं बसवून परीक्षेला घेऊन गेला होता आणि पेपर सुटेपर्यंत केंद्राबाहेर लिंबाखाली बसून राहिला होता. (महिपती त्या काळात कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगला होता. तेही पहिल्या खेपेला जमलं नव्हतं, पण तो विषय घरात कुणी काढत नसे.)

सोमवारीही घरीच बसून शिक्के मारायचे ठरले होते, पण सकाळी साहेबांचा निरोप आला, मीटिंग आहे, ताबडतोब या. महिपतीनं यादी घडी करून खिशात कोंबली. मॅन्युअल, शिक्का आणि पॅड पडवीतच ठेवलं.

"अजून निम्म्याच्या वर ऱ्हायलंय," जाताना तो उसासा टाकून म्हणाला. "बुधवारी द्यायचंय. कसं व्हायाचं कुनास ठावं."

तो गेल्यावर म्हाळसानं मुलाखतीचे कागद ट्रंकेतून काढून पडवीतल्या बाजेवर ओळीनं मांडले. दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्ड. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर अडकित्ता ठेवला आणि मोजून बघितलं. सगळे होते.

"मामंजी, जरा ध्यान ठेवा कागदांवर. दळन घिऊन येते."

"जा तू. मी हाय की."

गिरणीत लाईट नव्हती. म्हाळसा तिथंच डब्यावर बसून राहिली. लाईट आली साडेपाचला, आणि साधारण त्याच वेळी महिपतीची बस फाट्यावर थांबली.

गेणबा ओट्यावर बसला होता. दहाही बोटं लाल. चेहऱ्यावर असं समाधान, की महिपतीला आधी वाटलं, गाय व्याली.

"उरकलं समदं," गेणबा म्हणाला.

"काय उरकलं?"

"तुजं पुस्तक. निम्मं ऱ्हायलं म्हनत हुतास न्हवं? म्या म्हनलं, पोरगं दमतंय. सकाळधरनं बसलो. एक पान सोडलं न्हाय बघ."

महिपतीनं चप्पलसुद्धा काढली नाही. पडवीत जाऊन त्यानं मॅन्युअल उघडलं. पान एकशे तेरा. कालबाह्य – वापरू नये. एकशे चौदा. कालबाह्य – वापरू नये. त्यानं दहा पानं एकदम उलटली, मग वीस. प्रत्येक पानावर चार-चार शिक्के, वर, खाली, डावीकडं, उजवीकडं, सगळे सरळ, सगळे ठळक. तोडणीचे कोड कालबाह्य. वाहतुकीचे कोड कालबाह्य. कॉम्प्युटर चालू कसा करावा, कालबाह्य. कंपनीच्या इंजिनिअरांची नावं, वापरू नयेत. एका पानावर फक्त 'हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे' एवढंच छापलं होतं, तेही कालबाह्य झालं होतं. शेवटी पुठ्ठ्याच्या कव्हरवर आतून-बाहेरून दोन.

महिपती भिंतीला टेकून खाली बसला. त्याला वाटलं, ह्याहून वाईट आता काही होणं शक्य नाही.

"आन् सूनबाईचं बी करून ठिवलंय," गेणबा म्हणाला.

"सूनबाईचं काय?"

"तिचं कागद. उद्या सायबाम्होरं जायाचं तिला. नुसतं कागद घिऊन गेली तर इचारत्याल न्हवं, शिक्का कुठाय? म्हनलं, घरात कारखान्याच्या साहेबाचा शिक्का हाय, तर पक्कं करून द्यावं."

महिपती बाजेपर्यंत कसा गेला हे त्याला नंतर कधी आठवलं नाही. रहिवासी दाखल्यावर एक. शाळेच्या दाखल्यावर एक. रेशनकार्डावर पुढून एक, मागून एक. आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर तीन, कारण तो सगळ्यात मोठा कागद. एक मथळ्यावर, एक म्हाळसाच्या नावावर, आणि तिसरा बोर्डाच्या शिक्क्यावर. ("त्यो लई पुसाट हुता," गेणबानं खुलासा केला. "त्याच्यावरच हानला.")

एवढ्यात म्हाळसा आली. डोक्यावर दळणाचा डबा, केसांवर पीठ. तिनं डबा उतरवला, नवऱ्याचं तोंड बघितलं, मग बाजेकडं बघितलं. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि प्रमाणपत्र उचलून दारातल्या उजेडाला धरलं. तिन्ही शिक्के तिनं नीट वाचले. मग हळू आवाजात विचारलं, "ह्यो शिक्का कुनी आनला?"

कुणी मारला, असं नाही. कुणी आणला.

"मी," महिपती म्हणाला.

"बरं," म्हाळसा म्हणाली.

बारा वर्षांच्या संसारात महिपतीनं तिचे पुष्कळ प्रकारचे 'बरं' ऐकले होते. हा नवा होता.

"का गं?" गेणबानं काळजीनं विचारलं. "फिका उठला का?"

कुणीतरी सांगणं भागच होतं. महिपती खाली बघत म्हणाला, "आबा, कालबाह्य म्हंजी… ज्याची येळ गेली असं. आन् खाली लिवलंय, वापरू नये. बाद झालेल्या गोष्टीवर मारायचा शिक्का हाय त्यो."

गेणबा आपल्या लाल बोटांकडं बघत राहिला. "म्हंजी मी पोरीच्या धाव्वीवर 'नको' म्हनून लिवलं?"

म्हाळसानं प्रमाणपत्र परत बाजेवर ठेवलं.

"म्या इचारलं हुतं तुला," थोड्या वेळानं तो म्हणाला. आवाज चढवून नव्हे. खात्री करून घ्यावी तसा. "इचारलं हुतं ना?"

"व्हय आबा."

गेणबा उठला आणि गोठ्यात जाऊन बसला. त्यानं चहा घेतला नाही, आणि पुढं जेवायलाही आला नाही.

आता खरं तर महिपतीनंही गप्प बसायला हवं होतं. पण आपण काहीतरी केलं पाहिजे ह्या भावनेनं त्याला पछाडलं. दाढीचं ब्लेड काढून त्यानं नावावरचा शिक्का खरवडायला घेतला. वीस मिनिटं अलगद खरवडून एक अक्षर गेलं. पण नेमकं 'नये'मधलं 'न' गेलं आणि तिथं कागद एवढा पातळ झाला, की पलीकडचा गोठा दिसायला लागला. म्हाळसानं त्याच्या हातातून आधी ब्लेड घेतलं, मग प्रमाणपत्र.

"तुमी काय बी करू नका," ती म्हणाली. "हात जोडते. काय बी करू नका."

मंगळवारी सकाळच्या एस.टी.नं तिघंही इंदापूरला निघाले. महिपतीला कुणी या म्हटलं नव्हतं. गेणबालाही नव्हतं, पण तो आंघोळ करून, धुतलेला फेटा बांधून फाट्यावर आधीच उभा होता. गाडीत म्हाळसा खिडकीशी बसली. लसींची नावं तिनं पुन्हा म्हटली नाहीत.

कचेरीत कागद तपासायला अंगणवाड्यांच्या मुख्यसेविका कौसल्याबाई बसल्या होत्या. जाड चष्मा, समोर उमेदवारांच्या फाईली. म्हाळसानं कागद पुढं केले. बाईंनी पहिला घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"कालबाह्य… वापरू… ये?" त्या प्रमाणपत्रावरून वाचत म्हणाल्या. "वापरू ये? कुणाला बोलावलंय हे?"

इथं महिपती पुढं झाला. म्हाळसानं त्याच्याकडं बघितलं, पण तो सुरू झाला होता.

"मॅडम, त्याचं असं आहे. मी कारखान्यात कॉम्प्युटर विभागात असतो. तर प्रोग्राममध्ये काही कोड असतात, ते कालांतरानं बाद होतात. आता समजा टीडी चौदा…"

"कोण बाद झालं?"

"कोड, मॅडम. तर ते मॅन्युअलमध्ये दाखवावं लागतं, म्हणून हा शिक्का मी स्वतः…"

"थांबा. म्हणजे ह्या बाईंचं प्रमाणपत्र कारखान्यानं बाद केलंय?"

"नाही नाही, कारखान्यानं फक्त कोड…"

"मग कारखान्याचा काय संबंध? ह्यांच्याविरुद्ध काही तक्रार आहे का तुमची?"

"माझी? मी ह्यांचा नवरा आहे!"

"म्हणजे आहे," कौसल्याबाई म्हणाल्या आणि पेन उचललं.

"बाई," म्हाळसा म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. "तुमी खालचं वाचा. खालचं माझं हाय. वरचं घरच्यांचं."

कौसल्याबाईंचं पेन थांबलं. त्यांनी मान वर करून म्हाळसाकडं नीट बघितलं.

तेवढ्यात दाराशी उभा असलेला गेणबा आत आला. फेटा काढून हातात घेतलेला. "म्या मारला शिक्का, बाईसाहेब. मला वाचता येत न्हाय. वाटलं, शिक्का बसला की कागद पक्का हुतुया. पोरीनं तीन डाव परीक्षा दिली. तिन्ही डाव मी लिंबाखाली बसलोय, पायजे तर त्या शाळंच्या शिपायाला इचारा. कागद बाद झाला आसंल, पर शिकलीया ती खरीच."

कौसल्याबाईंनी फाईल उघडली. अर्जासोबत म्हाळसानं साक्षांकित झेरॉक्स जोडल्या होत्या, जून महिन्यातल्या, स्वच्छ. त्यांनी त्या प्रमाणपत्राशेजारी ठेवून नंबर जुळवला, टक्के जुळवले.

"दुय्यम प्रत काढावी लागेल पुण्याहून," त्या म्हणाल्या. "अर्ज केल्याची पोच महिनाअखेरपर्यंत आणून द्या. मुलाखत आज होऊ दे, पुढचं समितीच्या हातात." मग महिपतीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "आणि ह्यांना बाहेर बसवा."

म्हाळसा आत पंधरा मिनिटं होती. बाहेर बाकड्यावर बापलेक शेजारी शेजारी बसले होते. महिपती बराच वेळ चपलेच्या टोकानं फरशी घासत होता. शेवटी तो म्हणाला, "आबा, चुकलं माझं. सांगायला पायजे हुतं."

गेणबानं नुसता हात वर केला. त्याचा अर्थ 'असू दे' असाही होता आणि 'आता गप' असाही.

म्हाळसा बाहेर आली. "काय इचारलं?" महिपतीनं विचारलं.

"घरात कोन कोन असतं म्हनून इचारलं," ती म्हणाली आणि स्टँडकडं चालू लागली.

बुधवारी मॅन्युअल काखेत मारून महिपती विजयसिंह साहेबांपुढं उभा राहिला. साहेबांनी पहिली शंभर पानं बघून "वा, शिक्का! छान!" म्हटलं. मग पुढची बघितली. एसी चालू असताना साहेबांच्या कपाळावर घाम आलेला महिपती पहिल्यांदाच बघत होता.

"सगळे कोड कालबाह्य?"

"नाही साहेब. त्यातले काही आहेत, काही नाहीत."

"कुठले कुठले?"

"ते आता… शिक्के वडिलांनी मारलेत, यादी बघून सांगावं लागेल."

"अहो, पंधरा दिवसांनी गळीत! ऑपरेटरनं हे उघडलं तर कॉम्प्युटर चालूसुद्धा करणार नाही, तेही वापरू नये लिहिलंय!" साहेब उठून उभे राहिले. "मला काही माहीत नाही. हे दुरुस्त करा. इथं बसून. घरी न्यायचं नाही!"

लाल शिक्का पुसला जात नव्हता हे महिपतीला अनुभवानं कळलं होतं. तेव्हा एकच मार्ग उरला. तो पुन्हा बारामतीला गेला.

"वरील शिक्का ग्राह्य धरू नये," त्यानं दुकानदाराला मजकूर सांगितला.

"का हो? मागचा चालला नाही का?"

"जास्त चालला," महिपती म्हणाला.

अकरा दिवस तो कॉम्प्युटर विभागाच्या कोपऱ्यात बसून होता. यादी बघायची, कोड चालू आहे की नाही ते ठरवायचं, आणि चालू असेल तर लाल शिक्क्यावर निळा मारायचा. काही ठिकाणी निळा चुकून बाद कोडावर पडला, मग त्या निळ्यावर पुन्हा लाल मारावा लागला. कोड कुठला होता ते मग भिंग घेऊन शोधायचं. टपाल आलं की तो न बघताच ट्रेमध्ये टाकत होता, वेळच नव्हता. घरी म्हाळसा त्याच्याशी गरजेपुरतं बोलत होती, आणि गरज तिला फारशी लागत नव्हती. मधे दोनदा पुण्याला जाऊन त्यानं बोर्डात अर्ज दिला. पहिल्या खेपेला तो अर्ज घरी विसरला होता, हे त्यानं घरी सांगितलं नाही. गेणबा सकाळी उठून रानात जायचा आणि पडवीत बसायचं टाळायचा. महिपतीला रात्रंदिवस डोळ्यांपुढं लाल चौकोन दिसायचे. आपल्या हातून ह्या जन्मात एक तरी गोष्ट सरळ होणार आहे का, असं त्यानं स्वतःला विचारून पाहिलं, आणि उत्तर ऐकायला तो थांबला नाही.

बाराव्या दिवशी पुण्याहून कंपनीच्या दिपाली मॅडम आल्या. हातात जाडजूड नवी फाईल. साहेबांनी ओशाळून जुनं मॅन्युअल पुढं केलं आणि आधीच माफी मागितली. मॅडमनी पानं चाळली.

"पण हे बरोबरच आहे की," त्या म्हणाल्या. "जुना प्रोग्राम आम्ही काढूनच टाकतोय, आजपासून सगळंच नवीन. ह्यातला एकही कोड चालणार नाही. पानापानावर शिक्का मारलात हे उत्तम केलंत, चुकूनसुद्धा कुणी वापरायला नको. बहुतेक ठिकाणी हे करतच नाहीत." मग त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. "हे निळे शिक्के मात्र कुणी मारले? ह्यांनी सगळा घोटाळा होतोय. हे तेवढे काढून टाका."

"सगळंच नवीन, हे कळवलं नाहीत तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"पत्र पाठवलं होतं. पंधरा दिवस झाले."

पत्र महिपतीच्या ट्रेमध्ये सापडलं. खालून तिसरं.

साहेबांनी ते फोडून वाचलं आणि महिपतीच्या हातात दिलं.

"हे नवीन मॅन्युअल," दिपाली मॅडम फाईल टेबलावर ठेवत म्हणाल्या. "सहाशे दहा पानं. आणि ही एक यादी. छापून झाल्यावर थोडे बदल झाले, तर ह्यातले काही कोड आत्ताच कालबाह्य आहेत. तेवढी खूण करून घ्या."

महिपतीनं सवयीनं हात पुढं केला. पण साहेबांनी यादी आपल्याकडंच ओढून घेतली.

"महिपती," ते जरा घुटमळत म्हणाले, "पहिले शिक्के तुमच्या वडिलांनी मारले म्हणालात ना? ते मोकळे असतात का हो हल्ली?"

त्याच आठवड्यात इंदापूरहून निवडीची यादी लागली. म्हाळसाचं नाव होतं. दुय्यम प्रत यायची होती, तोपर्यंत तात्पुरती नेमणूक. वस्तीवरच्या खोलीत अंगणवाडी सुरू झाली आणि गेणबा रोज सकाळी तिथं पाण्याची घागर नेऊन ठेवायला लागला. तिथंच दारात बसून तो पोरांना मेंढरांच्या गोष्टी सांगायचा. एका संध्याकाळी म्हाळसा आपणहून महिपतीला "च्या टाकू का?" म्हणाली. तेव्हा कुठं त्यानं धीर करून साहेबांचा निरोप वडिलांना सांगितला.

गेणबानं सगळं ऐकून घेतलं, विचार केला आणि नकारार्थी मान हलवली.

"मला न्हाय जमायचं. हितं पोरं वाट बघत्यात. पर सायबाला म्हनावं, राग मानू नका. आमच्या म्हैपतीला घ्या सांभाळून. हळूहळू शिकंल त्यो बी."

दुसऱ्या दिवशी महिपतीनं हा निरोप साहेबांना जसाच्या तसा सांगितला. साहेब म्हणाले, "बघू."